येऊरमधील जुन्या घराची दुरुस्ती : राष्ट्रीय उद्यानाची हद्द आणि परवानग्या

धागाकर्ता : पाड्यावरचा

नमस्कार मंडळी,

ठाण्यातील येऊरच्या एका पाड्यात आमचे वडिलोपार्जित घर आहे. आजी आणि काका तिथेच राहतात आणि मी नोकरीमुळे खाली वर्तकनगरला राहतो. घराच्या भिंती निम्म्या विटांच्या आणि निम्म्या कुडाच्या आहेत. वर मंगलोरी कौले असून गेल्या पावसाळ्यात मागच्या बाजूचे वासे खचल्यामुळे स्वयंपाकघरावर सध्या ताडपत्री टाकलेली आहे. आम्हाला दोन कामे करायची आहेत. पहिले काम म्हणजे छप्पर उतरवून नवे वासे घालणे, आणि दुसरे म्हणजे मागच्या अंगाला पक्के शौचालय आणि एक खोली वाढवणे, कारण आजीला रात्री बाहेर जाणे आता झेपत नाही आणि बिबट्याचा वावर तिथे नवा नाही.

परवानगीबद्दल ज्याला विचारावे तो वेगळेच सांगतो. शेजारचे म्हणतात की राष्ट्रीय उद्यान असल्यामुळे एक वीटही लावता येणार नाही. काकांचे म्हणणे असे की आपण महापालिकेला घरपट्टी भरतो, तेव्हा विचारायचे कोणाला? एका मध्यस्थाने तर पैसे घेऊन ‘फॉरेस्टची एनओसी’ आणून देण्याची तयारी दाखवली. सातबारा आजोबांच्या नावावर आहे, मात्र त्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात वनाविषयी काही मजकूर लिहिलेला दिसतो. नेमकी परवानगी कोणाकडे मागायची, हे जाणकारांनी सांगावे.

प्रतिसाद : निवृत्त भूमापक

परवानगी कोणाची, हा तुमचा दुसरा प्रश्न झाला. घर नेमके कोणत्या जमिनीवर उभे आहे, हा पहिला प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणत्याही कार्यालयात अर्ज करू नये, असा माझा आग्रह राहील.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे आणि ते मुंबई उपनगर व ठाणे अशा दोन जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या ठाण्याकडच्या बाजूला जमिनीचे निदान चार प्रकार एकमेकांना खेटून आहेत. काही जमीन अधिसूचित राष्ट्रीय उद्यानात येते. काही राखीव किंवा संरक्षित वन आहे, पण उद्यानात नाही. काही जमीन १९७५ च्या महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियमाखाली शासनाकडे गेलेली, किंवा गेली असे निदान कागदावर म्हटलेले खाजगी वन आहे. उरलेली खरीखुरी मालकीची जमीन आहे. मालकीची जमीनसुद्धा उद्यानाभोवतीच्या पर्यावरण संवेदनशील क्षेत्रात, म्हणजे ज्याला सगळे ईएसझेड म्हणतात त्यात, येऊ शकते. प्रत्येक प्रकाराचे कार्यालय निराळे आणि कायदाही निराळा आहे. डोळ्यांना मात्र सगळीकडे सागाचे आणि करवंदाचे एकच रान दिसते.

पाड्यांवर नेहमी आढळणारी गोष्ट अशी की सातबारा एका सर्व्हे नंबरचा असतो आणि घर शेजारच्या सर्व्हे नंबरमध्ये उभे असते. पूर्वी घर बांधताना उंचवटा, पाणी आणि सावली पाहत असत, गावनकाशा कोणी पाहत नसे. म्हणून ठाण्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात ‘हद्द कायम’ मोजणीचा अर्ज करावा आणि त्यात वन विभागाला लगतचा धारक म्हणून दाखवावे, म्हणजे नोटीस त्यांनाही जाते आणि मोजणीच्या दिवशी त्यांचा वनरक्षक हजर राहतो. पुढे वाद उद्भवला तर ती हजेरी फार उपयोगी पडते. वनहद्दीचे दगडी बुरूज जागेवर शाबूत असतील तर तेही नकाशात घेण्यास सांगावे. मोजणी झाल्यावर जी ‘क’ प्रत मिळते, तिच्यावर घराचा चौकोन कोणत्या सर्व्हे नंबरात आणि कोणत्या हिश्शात पडतो, हे रेघेने दाखवलेले असते. पुढची सगळी चर्चा त्या रेघेवर अवलंबून आहे.

‘इतर हक्क’ रकान्यातील मजकूर शब्दशः येथे द्यावा, आणि त्याखाली फेरफार क्रमांक असेल तर तोही पाहून ठेवावा.

प्रतिसाद : घोडबंदरचा वकील

भूमापक काकांच्या मताशी पूर्ण सहमत आहे. त्यात कायद्याची बाजू जोडतो.

घर अधिसूचित राष्ट्रीय उद्यानाच्या आत निघाले, तर खाजगी व्यक्तीला तिथे बांधकामाचा परवाना मिळण्याची व्यवस्था वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये नाही. कलम ३५ नुसार अंतिम अधिसूचना निघण्यापूर्वी जिल्हाधिकाऱ्यांनी सर्वांच्या हक्कांची चौकशी करून ते निकाली काढायचे असतात. अभयारण्याच्या बाबतीत कलम २४ मधील एका पोटकलमान्वये काही हक्क पुढे चालू ठेवण्याची मुभा आहे, परंतु राष्ट्रीय उद्यानाला तेच पोटकलम मुद्दाम वगळून बाकीची कलमे लागू केलेली आहेत. कर्नाळा किंवा तुंगारेश्वर या अभयारण्यांतील कोणाचा अनुभव ऐकून येऊरबद्दल निष्कर्ष काढू नये, ते याच कारणाने. कलम ३५ (६) प्रमाणे उद्यानातील अधिवासाला धक्का लावणाऱ्या कृतीसाठी मुख्य वन्यजीव रक्षकांचा परवाना लागतो आणि तो वन्यजीवांच्या हितासाठी व व्यवस्थापनासाठी आवश्यक असेल तरच देता येतो. आपली वाढीव खोली त्यात बसत नाही, हे उघड आहे.

त्यामुळे पैसे घेऊन ‘फॉरेस्टची एनओसी’ देणारा मनुष्य नेमका कोणता कागद देणार आहे, हे त्याला एकदा विचारावेच. परिक्षेत्र कार्यालयातून एखादे वेळी ‘सदर सर्व्हे नंबर वनक्षेत्रात येत नाही’ अशा आशयाचे पत्र मिळते आणि तेच एनओसी म्हणून विकले जाते. असे पत्र कोणालाही साध्या अर्जावर किंवा माहिती अधिकारात १० रुपयांच्या शुल्कात मागता येते, आणि बांधकाम परवानगी म्हणून त्याला काडीचीही किंमत नाही.

घरपट्टीविषयी काकांचा समज ठाण्यात सार्वत्रिक आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम २६७-अ नुसार अनधिकृत बांधकामावर दुप्पट दराने शास्ती लावता येते आणि तो कर वसूल झाला म्हणून बांधकाम नियमित झाले असे होत नाही, असे त्याच कलमात स्पष्ट म्हटले आहे. घरपट्टीच्या जुन्या पावत्या अमुक वर्षी घर अस्तित्वात होते याचा पुरावा म्हणून मात्र फार मोलाच्या आहेत. त्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा.

प्रतिसाद : हिरवाईच्या शोधात

विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. आम्ही दोन कुटुंबे मिळून येऊरमध्ये शनिवार-रविवारसाठी लहानसा बंगला बांधण्याच्या विचारात आहोत. एक जागा पाहिली असून मूळ मालक आदिवासी आहेत, मात्र विकणारा म्हणतो की कुलमुखत्यारपत्रावर व्यवहार होईल आणि महापालिकेची परवानगी नंतर मिळेल. हे कितपत सुरक्षित आहे?

प्रतिसाद : घोडबंदरचा वकील

अजिबात नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ प्रमाणे आदिवासी व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीकडे विक्रीने जायची असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी आणि तीही शासनाच्या पूर्वमान्यतेने लागते. कुलमुखत्यारपत्राने हा अडथळा ओलांडता येत नाही. असा व्यवहार उघडकीस आल्यास जमीन मूळ मालकाकडे परत जाऊ शकते आणि बंगल्यावर केलेला खर्च पाण्यात जातो. येऊरमधील बंगले, हॉटेले आणि टर्फ यांवरून उच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या तक्रारी आपण वर्तमानपत्रांत वाचल्याच असतील. धागाकर्त्याचा प्रश्न राहत्या घराचा आहे आणि आपला प्रश्न दुसऱ्या घराचा आहे. कायदाही या दोहोंकडे एका नजरेने पाहत नाही, आणि माझ्या मते ते योग्यच आहे.

प्रतिसाद : वास्तुविशारद ठाणेकर

घर मालकीच्या जमिनीवर आहे, पण ईएसझेडमध्ये आहे, असे गृहीत धरून लिहिते, कारण येऊरमध्ये हीच शक्यता अधिक आणि त्यातच मार्गही आहे.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने या उद्यानाभोवतीच्या ईएसझेडची अंतिम अधिसूचना ५ डिसेंबर २०१६ रोजी काढली. क्षेत्र ५९.४६ चौरस किलोमीटर असून त्याची रुंदी जागेनुसार १०० मीटरपासून ४ किलोमीटरपर्यंत बदलते. अधिसूचनेसोबत नकाशा आहे, आणि मोजणीची ‘क’ प्रत त्याच्याशी ताडून पाहता येते. उद्यानाच्या हद्दीपासून १ किलोमीटरच्या आत, किंवा ईएसझेड त्याआधी संपत असेल तर तेथपर्यंत, नवे व्यावसायिक बांधकाम करण्यास मनाई आहे. मात्र स्थानिक रहिवाशांना स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या राहण्याच्या गरजेपुरते, बांधकाम नियमावलीनुसार घर बांधता येते. या तरतुदीचा आधार तुम्ही अर्जात स्पष्ट शब्दांत घ्यावा. जमीन शेतीची असून तिचा वापर बदलायचा असेल, तर प्रकरण ईएसझेडच्या संनियंत्रण समितीकडे आणि शासनाकडे जाते. म्हणूनच बिनशेतीची स्थिती काय आहे आणि घर जुन्या गावठाणात किंवा त्याच्या लगत आहे का, हेही पाहावे लागेल.

अनेकजण अजूनही सर्वोच्च न्यायालयाच्या ३ जून २०२२ च्या आदेशाचा हवाला देऊन ‘१ किलोमीटरमध्ये कायमस्वरूपी बांधकाम पूर्ण बंद’ असे सांगतात. २६ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने त्या आदेशात बदल केला आहे आणि जिथे ईएसझेडची अंतिम अधिसूचना निघालेली आहे तिथे त्या अधिसूचनेप्रमाणेच चालायचे आहे. एखाद्या टेबलावर जुना आदेश दाखवून अर्ज परत केला गेला, तर हा दुसरा आदेश अर्जाला जोडून पुन्हा सादर करावा.

आता तुमच्या दोन कामांविषयी. ही दोन्ही एका अर्जात गुंडाळू नका. ठाण्याला लागू असलेली एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली २ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झाली. गिलावा, रंगकाम, फरशी बदलणे, कौले किंवा छप्पर बदलणे अशा किरकोळ दुरुस्त्यांना बांधकाम परवानगीची गरज नसते, हे तत्त्व त्या नियमावलीत आहे. परंतु ‘छप्पर बदलणे’ याचा अर्थ आहे त्या जोत्यावर, आहे त्या भिंतींवर आणि आहे त्या उंचीचे छप्पर, एवढाच घ्यायचा. मिस्त्री नेमके इथेच घोटाळा करतात. वासे काढलेच आहेत तर भिंतीवर विटांचे चार थर चढवू, माळा मिळेल, असे ते सुचवतात आणि दुरुस्तीचे रूपांतर एका दुपारीत नव्या बांधकामात होते. कुडाची भिंत पाडून तिच्या जागी विटांची भिंत घालणे हेही साध्या दुरुस्तीत धरले जाईलच असे समजू नये. ती भिंत अर्जात दाखवावी.

काम सुरू करण्यापूर्वी घराच्या चारही बाजूंची छायाचित्रे काढा. शक्य झाल्यास भिंतीला मोजपट्टी लावून, जोत्यापासून वळचणीपर्यंतची आणि आढ्यापर्यंतची उंची आकड्यासह दिसेल अशी काढा. त्यांची एक प्रत महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाला आणि एक येऊर वनपरिक्षेत्र कार्यालयाला पत्रासोबत देऊन पोच घ्या. कायद्याने हे सक्तीचे नाही. पण कोणी तक्रार केली आणि महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ५३ ची, म्हणजे अनधिकृत बांधकामाबद्दलची, नोटीस आली, तर पूर्वी घर किती उंच होते हे सिद्ध करायला तुमच्याकडे दुसरे काही नसेल. पत्रे, सळ्या आणि सिमेंटची गाडी वर नेतानाही त्या पोचेची प्रत चालकाजवळ असू द्यावी.

शौचालय आणि खोली ही नवी वाढ आहे, तिला त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ४४ खाली रीतसर परवानगी लागेल. त्यासाठी अर्जदार हा जमिनीचा धारक असावा लागतो. सातबारा आजोबांच्या नावावर आहे असे तुम्ही लिहिले आहे. ते हयात नसतील तर आधी वारस नोंद करून घ्या, नाहीतर प्रकरण पहिल्याच छाननीत अडकेल. येऊरमध्ये वायुदलाचे केंद्र आहे, त्यामुळे त्यापासूनचे अंतर दाखवून संरक्षण विभागाच्या ना हरकतीची गरज आहे का, हेही नकाशातच स्पष्ट करावे. आणि एखादे झाड आड येत असेल, तर १९७५ च्या नागरी वृक्षसंरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. शौचालयाची जागा दोन हात सरकवून झाड वाचत असेल तर जागा सरकवा, यात वेळही वाचतो.

प्रतिसाद : घाटाखालचा

सामान्य माणसाने शौचालय बांधायचे म्हटले की एवढे सोपस्कार, आणि ठाणे–बोरिवली जुळा बोगदा मात्र याच उद्यानाच्या पोटातून जातो. हा न्याय कुठला?

प्रतिसाद : घोडबंदरचा वकील

तुमचा रोष समजू शकतो, पण तो प्रकल्पही परवानगीविना नाही. एकूण ११.८ किलोमीटरच्या त्या रस्त्यासाठी एमएमआरडीएला राज्य वन्यजीव मंडळ आणि राष्ट्रीय वन्यजीव मंडळाची स्थायी समिती या पायऱ्या चढाव्या लागल्या. शिवाय वनजमिनीसाठी १९८० च्या वन संवर्धन कायद्याखाली केंद्राची मान्यता निराळी लागते. मोठ्या प्रकल्पाकडे सल्लागार, नकाशे आणि पाठपुरावा करणारी माणसे असतात, पाड्यावरच्या घराकडे यातले काही नसते. विषमता असेल तर ती तिथे आहे. या धाग्यात बोगद्याची चर्चा लांबवू नये, त्यासाठी वेगळा धागा काढावा.

प्रतिसाद : पाड्यावरचा

सर्वांचे मनापासून आभार. सातबाऱ्यावरील नोंद पुन्हा पाहिली. ‘इतर हक्क’ रकान्यात ‘राखीव वन’ असे असून खाली महाराष्ट्र खाजगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ चा उल्लेख आणि एक फेरफार क्रमांक आहे. जमीन एक एकराहून थोडी कमी आहे. आजोबा हयात नाहीत. याचा अर्थ जमीन शासनाची झाली आहे का? आणि समजा, मोजणीत घर उद्यानाच्या बाजूला निघाले, तर आजीला तिथून उठवतील का?

प्रतिसाद : निवृत्त भूमापक

एवढ्या नोंदीवरून जमीन गेली असे ठरवू नका. तहसील कार्यालयातून त्या फेरफाराची नक्कल काढा. फेरफार कोणत्या आदेशावरून झाला, तो आदेश कोणत्या तारखेचा आहे आणि त्या वेळी तुमच्या आजोबांना नोटीस दिल्याची नोंद त्यात आहे का, हे वाचायचे आहे. घोडबंदर पट्ट्यात अशा नोंदी सर्व्हे नंबरांच्या याद्या घेऊन एका झटक्यात चढवलेल्या आहेत आणि त्यांत भातशेतीची खाचरेसुद्धा ‘वन’ झालेली मी स्वतः पाहिली आहेत.

प्रतिसाद : घोडबंदरचा वकील

काका म्हणतात त्याला कायद्यातही आधार आहे. ३० ऑगस्ट १९७५ पासून खाजगी वने शासनाकडे निहित झाली. त्यासाठी बहुतेक ठिकाणी १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम ३५ (३) च्या जुन्या नोटिशींचा आधार घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयाने गोदरेज अँड बॉयस प्रकरणात ३० जानेवारी २०१४ रोजी असा निर्णय दिला की नुसती नोटीस काढली होती एवढ्यावरून जमीन खाजगी वन ठरत नाही, ती मालकाला बजावली गेली होती का आणि तिच्यावर पुढे कार्यवाही झाली होती का, हेही पाहावे लागते. जमीन खाजगी वन आहे की नाही, असा वाद १९७५ च्या खाजगी वने अधिनियमाच्या कलम ६ खाली जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेता येतो. याखेरीज कलम २२-अ मध्ये १२ हेक्टरपर्यंतच्या धारकांना जमीन परत देण्याची तरतूद आहे, आणि तुमचे क्षेत्र त्या मर्यादेच्या कितीतरी आत आहे. तसा आदेश पूर्वीच झालेला असून केवळ सातबाऱ्यावर त्याची नोंद घ्यायची राहिली आहे, असेही काही प्रकरणांत आढळते.

तोवर मात्र खोलीचे काम सुरू करू नये. रकान्यात ‘राखीव वन’ असताना महापालिका परवानगी देणार नाही, आणि दिली तरी ती टिकणार नाही.

प्रतिसाद : वनहक्क कार्यकर्ती

आजीला उठवतील का, या प्रश्नाचे उत्तर देते, कारण पाड्यांवर हीच भीती दाखवून लोकांकडून कागदांवर अंगठे घेतले जातात.

या उद्यानातील अतिक्रमणांविषयी उच्च न्यायालयाने ७ मे १९९७ रोजी दिलेला आदेश आणि त्यानंतर चांदिवलीला झालेले पुनर्वसन सर्वांना आठवते, आणि पाड्यांवरच्या लोकांनाही त्याच मापाने मोजले जाते. परंतु २००६ चा वनहक्क कायदा त्यानंतरचा आहे आणि त्यातील वनजमिनीच्या व्याख्येत अभयारण्ये व राष्ट्रीय उद्यानेही येतात. अनुसूचित जमातीचे कुटुंब १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून त्या जमिनीवर राहत असेल, तर राहण्याचा हक्क मागता येतो, आणि दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४ (५) नुसार त्याला उठवता येत नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ३४-अ खाली अतिक्रमण काढण्याचा अधिकार वनाधिकाऱ्यांना आहे हे खरे, पण पडताळणी बाकी असताना तो अशा कुटुंबावर वापरता येत नाही. म्हणून मोजणीत घर वनाच्या बाजूला निघाले तर घाबरून न जाता दावा दाखल करावा. घरपट्टीच्या जुन्या पावत्या, मतदार यादी, शाळेचा दाखला आणि पाड्यातील वयस्कर माणसाचा जबाब हे पुरावे म्हणून चालतात. मान्य झालेला हक्क वारसांकडे जातो, पण विकता येत नाही, हे ‘हिरवाईच्या शोधात’ यांनीही वाचून ठेवावे.

एक खुलासा आवश्यक आहे. राज्यपालांच्या २३ सप्टेंबर २०२० च्या अधिसूचनेने वनजमिनीवर घरासाठी जागा देण्याची सोय झाली, असा संदेश समाजमाध्यमांवर फिरत असतो. ती अधिसूचना अनुसूचित क्षेत्रांसाठी आहे. शहापूर तालुका त्यात येतो, ठाणे तालुका येत नाही, त्यामुळे येऊरला तिचा आधार घेता येणार नाही. शौचालयासाठी मात्र एक वेगळा विचार सुचवते. पाड्यासाठी सामूहिक सुविधा म्हणून महापालिकेकडे मागणी करा, म्हणजे अर्जदार महापालिका राहील आणि वन विभागाशी पत्रव्यवहारही तीच करील.

प्रतिसाद : वास्तुविशारद ठाणेकर

सामूहिक शौचालयाची सूचना चांगली आहे, पण आजींना रात्री पाड्याच्या दुसऱ्या टोकाला जावे लागणार असेल तर मूळ अडचण तशीच राहते. घराच्या आतच, आहे त्या चार भिंतींत, एका कोपऱ्यात न्हाणीघराला लागून शौचालय बसते का ते आधी पाहू या. जोते वाढत नाही, उंची वाढत नाही, फक्त शोषखड्डा बाहेर येतो आणि तेवढ्यासाठी पत्र देऊन पोच घ्यावी. घराचा साधा आराखडा मापांसह पाठवलात तर मी जागा सुचवीन, त्यासाठी शुल्क नको.

प्रतिसाद : पाड्यावरचा

आराखडा रविवारी काढून पाठवतो, ताई. फेरफाराच्या नकलेसाठी आणि वारस नोंदीसाठी या आठवड्यात अर्ज करतो. वकील साहेब, छप्पर उतरवण्याचे काम मात्र पावसाच्या आत करावेच लागेल. सातबाऱ्यावर ती नोंद असताना तेही थांबवायचे का?

प्रतिसाद : घोडबंदरचा वकील

राहत्या घराचे गळके छप्पर त्याच उंचीवर आणि त्याच जोत्यावर बदलण्याला मी हरकत मानत नाही, मात्र ताईंनी सांगितल्याप्रमाणे छायाचित्रे आणि दोन्ही कार्यालयांची पोच आधी हातात असावी. लाकडी वासे घ्यायचे झाल्यास ते वखारीतून पावतीसह घ्या. रानातले लाकूड, पडलेले असले तरी, वापरू नका. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्यांतून मेलेली किंवा पडलेली झाडे उचलण्यासही सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००० पासून मनाई केलेली आहे, आणि पावती नसलेला एक वासा संपूर्ण दुरुस्तीचे प्रकरण बिघडवू शकतो. त्यापेक्षा लोखंडी नळ्यांचा सांगाडा करा, आणि कौले धड असतील तर तीच त्यावर पुन्हा चढवा.